खिल्लारे काकांची टांझानियाला जाणारी उद्घोषणा

"कृपया लक्ष द्यावे. शांताबाई खिल्लारे यांच्या हातचा चहा थोड्याच वेळात स्वयंपाकघरातून सुटत आहे. इच्छुकांनी ओट्यावर बसून घ्यावे."

वसमतच्या आमच्या गल्लीत दिवस उजाडतो तो या घोषणेनं. पाठोपाठ अंघोळीचं पाणी तापल्याची घोषणा होते, मग भाजीवाला आल्याची, मग काकूंची बहीण पुसेगावहून निघाल्याची. उत्तमराव खिल्लारे एस.टी.त उद्घोषक होते. निवृत्त झाल्यावर खिडकी सुटली, माईक सुटला, पण आवाज काही निवृत्त व्हायला तयार नाही. आमच्या फाटकाशी आले तरी बेल वाजवत नाहीत. "खिल्लारे काका आपल्या दारी येऊन लागले आहेत," असं जाहीर करतात आणि कुणी दार उघडेपर्यंत पुन्हा पुन्हा सांगतात.

शांताकाकू मात्र गरीब गाय. हसतील, मान डोलावतील, बोलणं बेताचंच. त्यामुळे गल्लीची सगळी सहानुभूती त्यांच्याकडे. "बाईनं कसं काढलं असेल या भोंग्यासंगं!" असं माझी आई भाजी निवडता निवडता रोज म्हणते.

काकांचा दुसरा नाद भाषांचा. नोकरीच्या सुरुवातीला ते पुस्तकी मराठीत "फलाट क्रमांक तीन" म्हणायचे आणि बंजारा तांड्यावरच्या बाया खुशाल परभणीच्या गाडीत जाऊन बसायच्या. मग काकांनी "रसवंतीच्या म्होरं लागली हो" असं सुरू केलं. बाया बरोबर गाडीत बसू लागल्या आणि साहेबांनी काकांना मेमो दिला. तेव्हापासून माणसाचा चेहरा बघून त्याची भाषा ओळखायची काकांना खोड लागली. हा अंदाज निम्म्या वेळा चुकायचा. लुंगी नेसलेल्या एका गृहस्थाशी ते बराच वेळ मोडक्यातोडक्या तेलुगूत बोलले. तो निघाला इथल्याच कनेरगाव नाक्याचा. पँट उसवली म्हणून बिचाऱ्यानं लुंगी गुंडाळली होती.

तर या काकांचा आणि टांझानियाचा संबंध माझ्यामुळे आला. कुरुंद्याच्या रस्त्याला माझं छोटं वर्कशॉप आहे. तिथे हळद शिजवायचे कुकर बनतात. टाकीत पाणी उकळायचं आणि वाफ नळीनं हळदीच्या पिंपात सोडायची, एवढंच तंत्र. धोका फक्त झाकणाचा. वाफ भरलेली असताना ते उचललं तर माणूस सोलून निघतो. इथे कुकर विकला की मी स्वतः शेतावर जातो, समोर उभा राहून चारचारदा बजावतो. टांझानियाचे चार कुकर ठरले तेव्हा मला ऑर्डरच्या आनंदाआधी हीच धास्ती पडली. तिथे बजावायला कोण जाणार?

म्हणून मी एक बोलणारी पेटी बसवायची ठरवली. गाडी मागे घेताना बोलते ना, तशी. वाफ भरली की आधी शिट्टी वाजणार, मग पेटी सांगणार, 'लांब व्हा, झाकणाला हात लावू नका.' प्रश्न एवढाच, की पेटीनं बोलायचं कोणत्या भाषेत? तिकडचे व्यापारी किशोरभाई फोनवर म्हणाले, "इंग्लिश डाल दो भाई, सब समझते हैं।" मी घालणारच होतो.

"काहून?" ओट्यावरून काका कडाडले. "किशोरभाई पिंपापाशी उभे राहनार हायेत का? ज्याचा हात भाजनार, त्याची भाषा पाह्यजे. मानूस घाबरला की कोन्त्या भाषेत वरडतो, ते बघ आदी."

"विचारतो की त्यांना."

"इचारू नको! इचारलं की लोक कागदावरची भाषा सांगतेत. आपल्या तांड्यावर इचार, सगळे मराठी म्हनतेत. अन् घरात बोलतेत गोरमाटी. नुस्तं आयकत बस."

झालं, काकांच्या हट्टापायी किशोरभाईंचा माणूस टांगा शहराकडच्या डोंगरात हळद लावणाऱ्या एका गावी गेला आणि व्हिडिओ कॉल लावून फोन भिंतीला टेकवून ठेवला. अंगणात चुलीवर पातेलं होतं, दोन बाया गप्पा मारत होत्या. त्या बोलत होत्या त्यांच्या डोंगरातल्या बोलीत. किशोरभाईंच्या माणसालाही ती अर्धीच कळत होती. मी म्हटलं, आता ही बोली पेटीत कुठून आणू? काका खुर्चीवर मांडी घालून नुसते ऐकत होते. एवढ्यात कुठूनशी एक शेळी आली आणि तिनं थेट पातेल्यात तोंड घातलं.

"तोका हापो!" एक बाई केवढ्यांदा ओरडली!

शेळी तर पळालीच, पण इकडे मीही खुर्ची मागे सरकवली. किशोरभाईंच्या माणसानं सांगितलं, ही स्वाहिली, तिकडे सगळीकडे चालणारी भाषा, आणि अर्थ 'नीघ तिथून'. काका टाळी वाजवून म्हणाले, "घे! तितल्या शेळीला बी स्वाहिली समजती. मान्साला समजंलच."

भाषा ठरली. पण काकांच्या मनात निराळंच शिजत होतं. त्यांनी वाक्यं देवनागरीत उतरवून घेतली आणि पेटीत आपलाच आवाज असणार असं परस्पर ठरवून टाकलं. मग काय, सकाळच्या चहाच्या घोषणेनंतर गच्चीवरून 'तोका हापो' सुरू झालं. समोरच्या किराणावाल्यानं मला विचारलंदेखील, "ही गाडी नवीन सुरू झाली काय? कुठल्या गावाला जाती?"

रेकॉर्डिंग झालं, पाठवलं. किशोरभाई अदबीनं म्हणाले, "आवाज बहुत बढ़िया है। लेकिन लगता है कोई बड़े साहब भाषण देने आए हैं। वहाँ हल्दी तो औरतें पकाती हैं।"

फोन स्पीकरवर होता. मी काकांकडे बघायचं टाळलं. त्यांनी वाक्यांचा कागद घडी करून खिशात घातला आणि म्हणाले, "बराबर हाय. त्या शेळीवालीचाच आवाज घ्या. माझ्या आवाजानं ती शेळी हालली नसती." हे ते हसत म्हणाले खरे, पण दुसऱ्या दिवशी सकाळी चहाची घोषणा जरा हळूच झाली. मला वाईट वाटलं.

शेळीवाल्या बाईचा आवाज आला, पेटीत बसला. चाचणीच्या दिवशी काका-काकू दोघंही वर्कशॉपला आले. काकूंनी सगळ्यांसाठी घरून चहा करून आणला होता. कुकर पेटवला. कामावरच्या पोरांना सांगितलं होतं, पेटी बोलली की मागं सरायचं, मग मी लांबून दोरीनं झाकण उघडणार. शिट्टी वाजली. पेटी गरजली, "तोका हापो!" सगळे मागं सरले. मी दोरी ओढली आणि त्याच क्षणी पिंपाच्या आडोशाला शांताकाकू दिसल्या. आमच्याकडे पाठ करून त्या निवांतपणे चहाचे ग्लास गोळा करत होत्या.

माझ्या तोंडून आवाजच फुटला नाही. काकांच्याही नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्या माणसानं काही जाहीर केलं नाही, नुसती झेप घेतली आणि काकूंना दंडाला धरून ओढलं. काकू होत्या तिथून वाफेचा लोट भस्सकन वर गेला. एक ग्लास फुटला, बाकी कुणाला काही झालं नाही. मी तिथंच खाली बसलो आणि देवाचे आभार मानले.

"मला मेलीला आफ्रिकेची भाषा कुठं कळती!" काकू ओशाळून हसल्या आणि काचा वेचू लागल्या.

सगळे हसले. मीही हसलो असतो. पण पेटीच्या आधी शिट्टी वाजली होती, आणि शिट्टीला कुठली आली भाषा?

काकांनी मला टाकीमागे नेलं. "आयकू येत न्हाई तिला," ते कुजबुजले. त्यांचं कुजबुजणं मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं. "लई वर्सं झाली. मोठ्यानं बोललं तरच थोडं येतंय. मशीन लावू म्हनलं तर लाजती, लोक बहिरी म्हनतील म्हून. नुस्तं तिच्याशीच वरडलो असतो तर समद्यांना कळलं असतं. मग समद्यांशीच वरडाया लागलो. लोक मला येडं म्हनतेत. म्हनू दे." मग कपाळाला हात लावून म्हणाले, "कोन्ती भाषा, कोन्ती भाषा करून राहिलो मी. अन् जिला आयकूच येत न्हाई, तिची भाषा माझ्या घरात असून ध्यानात आली न्हाई. गजू, तितं बी आसंल एखादी शांता."

चारही कुकरांवर आता लाल दिवा आहे. वाफ असेपर्यंत तो असा लखलखतो, की पाठ करून उभ्या माणसाच्याही समोरच्या भिंतीवर उजेड नाचतो. कुकर जाऊन आता पुरा एक हंगाम झाला. परवा किशोरभाईंचा फोन आला. कुणाला साधा चटकासुद्धा बसला नाही, आणि आणखी कुकर हवेत. मला इतकं हलकं वाटलं, की मी फोन ठेवून तसाच काकांच्या घरी गेलो.

फाटकाशी थांबलो, छाती भरून श्वास घेतला आणि ओरडलो, "कृपया लक्ष द्यावे! टांझानियाची गाडी सुखरूप पोचली आहे! काकूंनी पेढे आणायला सांगावे!"

काका दारात आले आणि माझ्याकडे बघतच राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते. आतून काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या, शब्द न् शब्द ऐकून खुशीत आलेल्या.

"घ्या!" काकांना कोपरानं ढोसत त्या म्हणाल्या. "ह्याला बी तुमचा रोग लागला."