पत्र्यापासून बर्फापर्यंत

जे आकाशातून दिसत नाही ते जमिनीवर घडलेलं नसतं, हे चोख कारभाराचं मूलतत्त्व आहे. माणसाच्या डोळ्यांचा काय भरवसा? डोळे घाबरतात. उपग्रह घाबरत नाही.

काराकोरमातल्या नियत शाहला हे जरा उशिराच उमगलं. त्याच्या घराच्या डोक्यावरची हिमनदी आजोबांच्या काळापासून निमूट पडून होती. या वसंतात तिला उसळी आली आणि ती दिवसाला सात मीटर खाली सरकू लागली. पहिल्याच आठवड्यात नदीवरचा पूल वाहून गेला. नदीच्या अलीकडे त्याचं एकट्याचंच घर. आता सुटकेला हेलिकॉप्टर हवं, हेलिकॉप्टरला हुकूम हवा, आणि हुकमासाठी उसळी सिद्ध व्हायला हवी. त्यानं गिलगिटला फोन लावला.

निरीक्षण कचेरीतले फरमान बेग साहेब भलतेच काटेकोर. उपग्रहाच्या चित्रात दगड, माती, घाणेरडा बर्फ, सगळं राखाडी. चकाकत होता तो फक्त नियत शाहच्या छपराचा पत्रा. तेव्हा अंतर पत्र्यापासून बर्फाच्या तोंडापर्यंत मोजावं असं ठरलं. दर बारा दिवसांनी, उपग्रह वरून जाईल तेव्हा. (ढग असल्यास बर्फही थांबला आहे असं समजण्यात येतं.)

आता, त्या खोऱ्यातली रीत अशी, की बर्फाचा गार वारा चुलीचा धूर उलटा घरात ढकलू लागला की छप्पर उतरवायचं आणि खाली नेऊन पुन्हा उभारायचं. नियत शाह शहाण्या बापाचा शहाणा मुलगा. त्यानं तीनदा पत्रा उचलला. जर्दाळूची पोती, शेळ्या, पोरं, सगळं खाली.

कचेरीतली नोंद: पहिलं अंतर साठ मीटर. दुसरं बासष्ट. तिसरं एकोणसाठ. (फरक मोजणीतला म्हणून सोडून देण्यात आला.) निष्कर्ष: बर्फ स्थिर.

"साहेब, मी मागे सरतोय म्हणून अंतर तेवढंच राहतंय," नियत शाहनं फोनवर समजावलं. घराच्या हालचालीचं खातं वेगळं आहे, असं साहेबांनी अदबीनं सांगितलं.

बायको गुलनामा मीठ घातलेला चहा ओतत म्हणाली, "पत्रा हलवूच नका. येऊ दे बर्फाला अंगावर, म्हणजे दिसेल त्यांना."

"आणि पोरं?"

"पोरं चकाकतात थोडीच? त्यांना घेऊन काठावर बसू."

तसंही मागे सरायला जागा उरली नव्हती. पाठीशी नदीच होती. पत्रा तिथंच सोडून सगळी पाण्याच्या कडेला जाऊन बसली. नियत शाहला मनापासून भीती वाटत होती, आणि थोडी आशाही. नवव्या दिवशी बर्फानं पत्रा गिळला. बाराव्या दिवशी फोन वाजला.

साहेब आनंदात होते. उसळी सिद्ध झाली होती, मोठी, अगदी अभ्यासण्याजोगी. हेलिकॉप्टरचं तेवढं राहिलं, कारण ताज्या चित्रात तिथं एकही छप्पर नव्हतं, म्हणजे वस्ती नव्हती.

"अहो, मी बोलतोय ना तिथूनच!"

"बोलताय खरे," साहेब हळहळत म्हणाले, "पण दिसत नाही."

वाचकांना साहेबांचा राग येईल, आणि तो रास्तच आहे. मात्र पत्रा किती वेळा उचलला, अंतर किती मीटर, हे आपण सगळ्यांनी बारकाईनं वाचलं. पोरं किती, हे अजून कोणी विचारलेलं नाही.

(तीन.)