पुंजण्याच्या सावलीतला पानडबा

त्या दिवशी सकाळपासून आभाळ भरून आलं होतं. पौषातलं आभाळ. पाऊस येईल असंही वाटेना आणि ऊन निघेल असंही वाटेना. वारा नव्हता. बोडीवरचं, म्हणजे गावच्या लहान तळ्यावरचं, धुकं बसल्या जागचं उठत नव्हतं. असा दिवस मला फार आवडतो. (धुक्यालाच उठायचा कंटाळा, तर मी कोण?)

ज्यांचं धान चुरायचं, म्हणजे मळायचं, राहिलं होतं त्यांना मात्र ते आभाळ आवडलेलं नव्हतं. पण ही गोष्ट माझ्या ध्यानात उशिरा आली. माझ्या ध्यानात सगळंच उशिरा येतं.

चहा पीत होतो, तेवढ्यात सत्यभामा म्हणाली, "आयकलं का. माळ्यावरचा आईचा पानडबा काढून द्या. चिंच लावून घासून ठेवतो. शकुनबाई येऊन राहिली."

सत्यभामा माझी बायको. (आमच्याकडं बायाही 'ठेवतो', 'येतो' असंच बोलतात.) शकुनबाई तिची मोठी बहीण, सानगडीची. दुसऱ्या दिवशी आमच्या गावची मंडई, म्हणजे वर्षाची जत्रा, होती, आणि मंडईला पाहुणे येणारच.

मी चहा अर्धाच खाली ठेवला. कारण पानडबा माळ्यावर नव्हता. पानडबा तेजरामच्या शेतात होता आणि तो मीच तिथं ठेवला होता.

आता हा डबा म्हणजे काय ते सांगतो. पितळेचा, वर वेलबुट्टी, झाकण असं घट्ट की उघडताना मांजर दचकावं. सासूबाई वारल्या तेव्हा दोघी बहिणींना तोच पाहिजे होता. सासूबाईंनी तो धाकटीला दिला होता. मग भावासमोर ठरलं की डबा सत्यभामेकडे राहील, पण तिला सांभाळता आला नाही तर शकुनबाई नेईल. तेव्हापासून शकुनबाई आली की पाणी प्यायच्या आधी म्हणते, "आईचा डबा दाखव." डबा हातात घेते, बोटानं ठोकून पाहते आणि म्हणते, "माझ्यापाशी असता तं अजून चमकला असता." सत्यभामेनं पान सोडलं त्याला वर्षं झाली. पण तिच्या माहेरची म्हणावी अशी वस्तू आता तेवढीच उरली आहे.

मग असा डबा मी शेतात कशाला ठेवला? तर खेळ म्हणून.

आमची नात गुंजन नागपूरला नोकरी करते. दिवाळीला आली तेव्हा तिनं मला एक खेळ शिकवला. त्याचं नाव लेटरबॉक्सिंग. मला आधी वाटलं, आसगावच्या पोस्टाची लाल पेटी रंगवायची असेल. पण तसं नाही. एक डबा घ्यायचा, त्यात एक वही आणि एक ठसा ठेवायचा आणि तो बाहेर रानात कुठंतरी लपवायचा. मग दुसऱ्याला खाणाखुणा सांगायच्या. त्यानं चालत चालत, इकडंतिकडं पाहत जायचं, डबा हुडकायचा, वहीत आपला ठसा उमटवायचा आणि डबा परत होता तिथंच ठेवून द्यायचा.

"सापडल्यावर भेटते काय?" मी विचारलं.

"काही नाही आबाजी."

"लवकर सापडला तं?"

"तरी काही नाही. घाई करणाऱ्याले तं सापडतच नाही."

जन्मभर मी अशाच खेळाची वाट पाहत होतो. गुंजननं खोडरबर कोरून डब्यासाठी गोगलगायीचा ठसा केला. (गोगलगायच का, ते मी विचारलं नाही.) म्हणाली, "तुमाले बी ठसा पायजे." मी म्हटलं, "मी शाळेत नाही गेलो बेटा. माझा ठसा जन्मापासून माझ्यापाशी आहे." आणि अंगठा दाखवला. सोसायटीपासून पतपेढीपर्यंत सगळ्या कागदांवर तोच आहे. पण खेळायला म्हणून तो पहिल्यांदाच कामी आला.

तिनं लपवलेला पहिला डबा हुडकायला मला दिवाळीची सगळी सुट्टी लागली. पण काय मजा आली. त्या बोडीच्या पारीवरून, म्हणजे बांधावरून, मी आयुष्यभर बैलांच्या मागे गेलो, आणि मला फक्त बैलांच्या शेपट्या दिसल्या. आता पहिल्यांदा दिसलं की मोहाच्या ढोलीत पिंगळा राहतो, दुपारी पाणकोंबड्या पिलांना घेऊन कुठून निघतात, आणि लाखोळीच्या पिकाचं निळं फूल जवळून किती बारीक असतं. गुडघ्यांची कुरकुर ऐकतच बसायचं, तर चांगल्या जागी बसून का ऐकू नये?

मग माझी पाळी आली. मंडईला गुंजन येणार, तिच्यासाठी डबा लपवायचा ठरवला. पाणी शिरणार नाही असा डबा पाहिजे होता. आमच्या घरी प्लास्टिकचे डबे ढीगभर, पण कुठल्याच डब्याला कुठलंच झाकण बसत नाही. मग माळ्यावर नजर गेली. गुंजन येईल, हुडकेल, डबा परत माळ्यावर जाईल, कुणाला पत्ता लागणार नाही. (माझा बेत नेहमी इथपर्यंत चांगला असतो.)

तेजरामच्या बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, त्याचं पुंजणं उभं होतं. धान कापलं की पेंढ्यांची गोल उंच रास रचतात, तिला आमच्याकडे पुंजणं म्हणतात. तेजराम दर साली गावात सगळ्यात शेवटी धान चुरतो. त्याचं पुंजणं होळीपर्यंत हलत नाही, म्हणून आमचं दोघांचं जमतं. पुंजण्याच्या सावलीत जो धुरा येतो, त्या बांधावरच्या दगडांच्या खोबणीत मी डबा सरकवला, मोबाईलमध्ये बोलून गुंजनला खुणा पाठवल्या आणि निवांत झालो.

"काढून देता ना?" सत्यभामा म्हणाली.

"आणतोच," मी म्हटलं आणि चप्पल घातली.

"माळ्यावर चप्पल घालून?"

मी खोकलो आणि निघालो.

दारातच शेजारच्या श्यामरावनं गाडी थांबवली. श्यामराव घाईचा माणूस. त्याची मोटारसायकल उभी असली तरी धडधडत असते. "खुशालभाऊ, कुठं चालले? बसा मागं, सोडून देतो."

"नको. पायीच बरं."

"तेजरामच्या बांधीकडं जाऊन राहिलो मी. तिकडं जाचं असन तं दोन मिनिटांत पोचून जाल."

"दोन मिनिटांत पोचून काय करू?"

श्यामराव हसत गेला. खरं कारण असं होतं, की मला ती जागा पायांनीच माहीत होती. मोहापाशी बसायचं, तंबाखू मळून होईपर्यंत बोडी पाहायची, मग उठून ज्या बाजूला पाय आपोआप वळतात तिकडं जायचं. गाडीवरून हे कसं जमावं?

तर मोहापाशी बसलो. पिंगळा ढोलीतून डोकावून पाहत होता, मीही पाहत होतो. दोघांपैकी कुणीच आधी नजर काढेना. एक बाई डोक्यावर पदर घेऊन, हातात पिशवी घेऊन पारीच्या खालच्या वाटेनं बांधीकडं जाताना धुक्यात दिसली. चाल माझ्यासारखीच. मला बरं वाटलं. मी पिंगळ्याकडं वळलो.

तेजरामच्या बांधीत पोचलो तर पुंजणं नव्हतं.

तिथं धान चुरायची मशीन धडधडत होती, तणसाचा, म्हणजे धानाच्या काडाचा, धुरळा उडत होता आणि बाया डोक्यावर पेंढ्या आणून टाकत होत्या. आभाळ पाहून तेजरामसारखा माणूससुद्धा घाबरला होता. त्यानं असा दगा दिल्यावर माणसानं भरवसा कुणावर ठेवायचा?

पुंजणं गेलं आणि त्याबरोबर माझी खूणही गेली. सगळे धुरे सारखेच दिसायला लागले. आणि सावली म्हणाल, तर आभाळामुळं त्या दिवशी सावलीच पडली नव्हती. मी वाकून एकेका दगडामागं हात घालू लागलो.

"काय हरपलं कक्काजी?" तेजरामनं विचारलं.

"काही नाही."

"मंग काय शोधून राहिले?"

"तेच."

तेजराम शहाणा माणूस. त्यानं बायांना सांगितलं, "कक्काजीच्या मधात येऊ नका व," आणि तो मशीनकडं गेला.

शेवटी मी गुंजनला फोन लावला. ती बसमध्ये होती. मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आबाजी, पानडबा? आजीचा?"

"आजीच्या आईचा."

"थांबा, तुमीच पाठवलेल्या खुणा लावतो."

फोनमधून माझाच आवाज आला. "हां गुंजन. तं बेटा, घरून निघ. घाई नको करू. मोहापाशी बस. अरे हाट, हाट... म्हैस आली होती. हां, कुठं होतो? मोहापाशी. तिथून पुढं पाय नेते तिकडं जा. पुंजणं दिसन. त्याच्या सावलीत धुरा आहे, तिथं आहे डबा. आता सावली सकाळी एकीकडं राहते, सायंकाळी एकीकडं. मी गेलो तवा दुपार होती का काय..." पुढं नुसता खोकला होता.

असल्या खुणा दुसऱ्या कुणी दिल्या असत्या तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

"मिळणार नाही यानं," गुंजन म्हणाली. "घरी जा, आजीले खरं सांगून द्या."

घराकडं मी जितका हळू निघालो, तितका हळू मी कधी चाललेलो नाही. आणि माझ्याबद्दल बोलताना हे साधं बोलणं नव्हे.

घरी पोचलो तर शकुनबाई ओसरीत बसलेली. आभाळ पाहून ती आधीच्याच गाडीनं आली होती. समोर पाण्याचा तांब्या तसाच भरलेला. सत्यभामा दारात उभी. तिचं तोंड मला पाहिल्यावर जे झालं, ते सांगत नाही.

"जवाईबुवा आले," शकुनबाई म्हणाली. "आता दाखव आईचा डबा."

सत्यभामा माझ्याकडं पाहू लागली. मी तांब्याकडं.

"माळ्यावर आहे," सत्यभामा हळूच म्हणाली. "घासाचा राहिला."

माळा तिनं कधीच पाहून घेतला असणार, तरी ती माझ्यासाठी खोटं बोलली. तेही बहिणीसमोर, त्याच डब्याबद्दल. मग मला राहवलं नाही. म्हटलं, "माळ्यावर नाही. मी नेला. खेळाले नेला आणि हरपवला. तिचा काही दोष नाही, तिले माहीत बी नव्हतं."

सत्यभामा खाली बसली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती आपल्या रिकाम्या हातांकडं पाहत राहिली.

शकुनबाईनं पिशवी पुढं ओढली, आत हात घातला आणि डबा काढून ओसरीवर ठेवला. खाली ठेवतानाच तो सासूबाईंच्या वेळेसारखा खणकला.

"फाट्यावर उतरलो," ती म्हणाली. "गुडघे दुखून राहिले होते म्हणून तेजरामच्या धुऱ्यावर बसलो. पाहतो तं दगडात काहीतरी चमकते. मले वाटलं, माह्या बहिणीनं आईले रानात फेकून देलं." मग सत्यभामेकडं न पाहता म्हणाली, "ठरलं होतं ना. सांभाळता नाही आला तं मी नेईन."

धुक्यातली बाई कोण होती ते मला तेव्हा कळलं. श्यामरावच्या गाडीवर बसलो असतो, तर तिच्या आधी पोचलो असतो.

काय करावं ते सुचेना. मी गुंजनला परत फोन लावला आणि मोबाईल शकुनबाईसमोर धरला. गुंजननं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मोठी आजी, तुमी पयल्या नंबरानं डबा हुडकला. खूप भारी. पण या खेळात डबा न्यायचा नसते. ठसा द्याचा आणि ज्याचा त्याले वापस कराचा."

"असा कोणता खेळ?" शकुनबाई म्हणाली. "भेटलेलं वापस कराचं?"

"असाच आहे."

शकुनबाईनं झाकण उघडलं. आत वही होती, गोगलगायीचा ठसा होता. तिनं वास घेतला. "अजून काताचा वास येते व," ती म्हणाली. सत्यभामा जवळ सरकली आणि तिनंही वास घेतला. मग दोघी बराच वेळ डब्यात नाक घालून बसल्या. मी तिथं आहे हे त्या विसरल्या. (ते बरंच झालं.)

शेवटी शकुनबाईनं अंगठा कुंकवात बुडवला आणि वहीत उमटवला. डबा सत्यभामेकडं सरकवत म्हणाली, "घे. पण घासाले चिंच कमी लावतेस तू." आणि मग पाणी प्याली.

दुसऱ्या दिवशी मंडई. सकाळी उठलो तर घरात दोघीही नाहीत, आणि वड्यांचा वास तेवढा मागं राहिलेला. रात्री पोचलेली गुंजन हसत होती.

"आजी सांगून गेली, तुमचा नास्ता आईच्या डब्यापाशी आहे. खूण अशी, की जिथं तुमी रोज बसता तिथून पुढं जा, जिकडून आजी तुमाले जेवाले हाका मारते."

मी चप्पल घातली. आभाळ मोकळं झालं होतं. मोहापाशी बसलो, पिंगळ्याची चौकशी केली. पाणकोंबड्या निघाल्या, त्यांना आधी जाऊ दिलं. लाखोळीत थांबलो. खूण मला चांगलीच कळली होती, म्हणून घाई करायचं काही कारण नव्हतं. वळणावर दोघी बहिणींचं हसणं ऐकू आलं. शाळकरी पोरींसारख्या हसत होत्या.

तेवढ्यात समोरून श्यामरावची गाडी आली. माझ्यापाशी येऊन थांबली. श्यामरावनं उपरण्यानं तोंड पुसलं आणि म्हणाला,

"खुशालभाऊ, आता पायजे तितके आरामात जा. वडे संपले."