सासऱ्यांचं विमान, माझी भिंत

चेपलेला पत्रा माझ्या हाती द्या, मग तो स्कूटरचा असो नाहीतर विमानाचा, नवाकोरा करून देतो! हे वाक्य मी सासऱ्यांसमोर बोललो आणि तिथंच फसलो.

सासरे नौदलातले निवृत्त वैमानिक. मी त्यांना मामा म्हणतो, ते मला ‘पत्रेवाले’ म्हणतात. तरुणपणी ते जहाजावरून जे लढाऊ विमान उडवायचे, त्याच जातीचं एक विमान एका कॉलेजच्या मैदानात सडत पडलं होतं. कबुतरांनी त्याचं प्रसूतिगृह केलं होतं! ते मी माझ्या गॅरेजात आणलं. जहाजावर जागा कमी म्हणून या विमानांचे पंख दुमडतात, त्यामुळे दारातून अलगद आत आलं. आत आम्ही साखळी-कप्पी लावून पंख सरळ केले, ते खटकन बसले आणि मग वर्षभर नुसती ठोकठोक! सापडले तेवढे तेलाचे पाइपही नवे टाकले. ते पाइप कशासाठी आहेत, हे मात्र कुणाला विचारलं नाही.

मामांनी जुन्या सोबत्यांना सांगून टाकलं, “रविवारी पाच वाजता विमान अंगणात उभं असेल!” सोबती हसले म्हणे. “तुझा जावई गाड्यांना पोचारे मारतो, तो काय विमान करणार?” म्हणजे आता मामांची अब्रू माझ्या हातात!

रविवारी दुपारी विमान ढकललं. ते दाराशी येऊन अडलं. पंख हे एवढे पसरलेले आणि दार टेम्पोच्या मापाचं!

“दुमडा पंख!” मी ओरडलो. माझ्या वेल्डरनं खालून रेटलं, पेंटर टोकाला लोंबकळला, मी साखळी ओढली. पंख ढिम्म!

“पत्रेवाले, मला आत बसू द्या,” मामा म्हणाले.

आता झालं होतं असं, की कॉकपिटच्या सीटला माझ्या बायकोनं स्वतः नवं कव्हर शिवलं होतं. पहिले बसणार ते बाबाच आणि तेही सोबत्यांसमोर, असा तिचा हुकूम होता. तोवर कुणी बसू नये म्हणून मी वर प्लॅस्टिक करकचून बांधलं होतं.

“मामा, जरा धीर धरा! आधी बाहेर तर काढू दे!”

“अहो, पण मी बसल्याशिवाय...”

“बसाल हो! तुम्हालाच तर बसवायचंय!”

पण छे! एकच धोशा, मला बसू द्या! म्हातारी माणसं हट्टाला पेटली की त्यांच्यापेक्षा लहान पोरं परवडली. शेवटी मी बायकोला हाक मारली, “अगं, तुझ्या बाबांना घरात ने आणि चहा दे!”

ते गेले. घड्याळ काही थांबेना. मी वेल्डरला म्हणालो, “पाड भिंत!”

“कुठली?”

“दाराच्या दोन्ही बाजूंची!”

घण पडायला लागले. नव्या रंगावर विटांचा धुरळा! बायको धावत आली. “अहो, हे काय चाललंय?”

“तुझ्या बाबांची अब्रू वाचवतोय!”

विमान अंगणात आलं आणि मागोमाग सोबतीही आले. मामा शिडीनं वर चढले, प्लॅस्टिक फाडलं आणि ऐटीत बसले. मग सीटशेजारचा दांडा ओढून पंप मारावा तसा मागंपुढं करू लागले. तो दांडा मीच रंगवला होता, सीट सरकवायचा समजून! नव्या पाइपांतून तेलाचा दाब चढला, दोन्ही पंख हळूहळू वर उचलले गेले आणि छत्री मिटावी तसे मिटले.

टाळ्या! मामांचे डोळे भरून आले. माझेही आले, पण भिंतीकडे बघून.

“मामा, आधी का नाही सांगितलंत?”

“सांगतच होतो! तुम्ही मला चहाला पाठवलंत!”

एका सोबत्यानं मागं पाहिलं. “अरे, पंख मिटत होते तर भिंत कशाला पाडली?”

मी पायानं एक वीट मागं सरकवली. मामांनी माझ्याकडे पाहिलं, घसा खाकरला आणि म्हणाले, “माझा जावई आहे तो! माझ्या विमानानं अंग चोरून बाहेर यावं, हे त्याला पटेना!”

पुन्हा टाळ्या, या वेळी माझ्यासाठी! ‘पत्रेवाले’ नाही, ‘माझा जावई’! मी ताठ झालो. तेवढ्यात बायको कानाशी येऊन म्हणाली, “गॅरेजला आता कुलूप कुठं लावणार? राखणीला तुम्हीच झोपा तिथं.”

हल्ली तिथंच झोपतो. पुन्हा आत ठेवलेल्या विमानाच्या पोटाखाली, सतरंजीवर. कॉकपिटात नाही हो, सीटवर बायकोनं पुन्हा प्लॅस्टिक बांधलंय!