माशी की वारा?

साळवे सर कुणाच्याही घरी गेले की चपला काढायच्या आधी पंखा बंद करतात. मे महिना असो, पाहुणे असोत, कुणी नुकतंच उन्हातून येऊन पंख्याखाली टेकलेलं असो, सरांचा हात आधी बटणाकडे जातो. एकदा माझ्या नणंदबाई बसल्या होत्या. पंखा बंद झाला तशी त्या बिचाऱ्या पदरानं वारा घ्यायला लागल्या, तर सर म्हणाले, "ताई, तेवढंही नको." नणंदबाईंनी त्यांना अजून माफ केलेलं नाही.

उस्मानपुऱ्यात आमच्या वरच्या मजल्यावर ते एकटेच राहतात. मी ज्या कॉलेजात मराठी शिकवते, तिथेच ते प्राणिशास्त्र शिकवतात. पण वाघ-हत्ती वगैरे मंडळी त्यांना मान्य नाहीत. "नखापेक्षा मोठ्या जिवाशी माझं जमत नाही," असं ते अभिमानानं सांगतात, आणि त्यात माणसंही धरलेली आहेत. ते लग्नाला जात नाहीत, बारशाला जात नाहीत. आम्ही नवीन घरात आलो तेव्हा जेवायला बोलावलं होतं. सर आले, दारावरच्या झेंडूच्या तोरणापाशी थांबले, तिथल्या एका माशीची चौकशी केली आणि न जेवता वर गेले.

वाऱ्याशी त्यांचं वैर का, तेही सांगते. सरांनी स्वतः एक सॉफ्टवेअर लिहिलंय. फुलासमोर कॅमेरा लावायचा, आणि सॉफ्टवेअर त्या फुलाकडे टक लावून बघत बसतं. काही हललं नाही तर ते गप्प राहतं. काही हललं की चित्रीकरण सुरू होतं, आणि पुन्हा शांत झालं की बंद. म्हणजे दिवसभर माणसानं शेतात उकिडवं बसायला नको, फुलावर कोण आलं, कोण गेलं, तेवढंच संध्याकाळी नेटवरून घरी मागवून बघायचं. कल्पना झकास आहे. पण वाऱ्यानं फूल डुललं तरी सॉफ्टवेअरला वाटतं, पाहुणा आला. मग सर रोज संध्याकाळी क्लिपा लावून निकाल देत बसतात, "वारा. वारा. माशी! वारा. वारा."

हा निकाल आता त्यांच्या जिभेवर बसलाय. प्राचार्यांचं भाषण रंगात आलं की शेजारच्या खुर्चीतून हळूच आवाज येतो, "वारा." माझ्या नव्या लेखाची दोन पानं मी त्यांना मोठ्या हौसेनं वाचून दाखवली, तेव्हा "शेवटच्या ओळीत एक माशी आहे," एवढीच दाद मिळाली. सोसायटीच्या बैठकीत पाण्यावरून सगळे हमरीतुमरीवर आले होते. महापालिकेपासून सगळ्यांचा उद्धार झाल्यावर कुणीतरी म्हणालं, आपल्या टाकीचा व्हॉल्व्हच गळतोय. त्यासरशी सर "माशी!" म्हणून असे ओरडले की सेक्रेटरी स्वतःची बाही झटकायला लागले. व्हॉल्व्ह मात्र खरंच गळत होता.

कॅमेऱ्यासाठी ते लोकांचे जुने फोन मागून आणतात. "काच फुटलेली चालेल, कॅमेरा फुटलेला नको," ही त्यांची अट. आमच्या ह्यांचा तडकलेला फोन असाच गेला, आणि पिशोर गावाजवळच्या एका शेतात बांबूला सायकलच्या ट्यूबनं बांधला गेला. ह्यांना त्याचं फार कौतुक. "माझा फोन संशोधनात आहे," असं ते चारचौघांत सांगतात.

ते शेत भामाबाईंचं. कांद्याच्या बियाण्याचा प्लॉट होता, फुलांचे पांढरेशुभ्र गोंडे आले होते. सरांचं म्हणणं असं, की कांद्याचं बी धरायला मधमाशीचं नाव होतं, पण भर दुपारी निम्मं काम साधी माशी करते, जिला आपण जेवताना हाकलतो ती. आणि शेतकरी फवारणी करतात तीही नेमकी दुपारीच. सरांनी गावात जाऊन हे सांगितलं होतं. कुणी ऐकलं नाही. आता दुपारची माशी डोळ्यांनी दाखवायची, म्हणजे फवारणी संध्याकाळवर जाईल, असा त्यांचा बेत होता. फुलोरा असतो काही आठवडेच. तो हुकला की थेट पुढचं वर्ष.

पहिल्या आठवड्यात सर माझ्याकडे आले ते संतापूनच. पंखा बंद केला आणि लॅपटॉप उघडला. पडद्यावर गोंडा नव्हताच. होता एक सुरकुतलेला हात, जोरजोरात हलणारा. मग हिरवं लुगडं. मग भामाबाईंचं तोंड, अगदी कॅमेऱ्याला टेकलेलं.

"मास्तर, उठला का? जेवला का? पोरगं मेंढरं घेऊन घाटाखाली गेलंय, त्याचा फोन लागत नाय बघ. तू तरी हायस. आज लई ऊन हाय. थांब, तुझ्या म्होरं माशा लई झाल्यात."

आणि भामाबाईंनी पदर फिरवून गोंड्यावरच्या सगळ्या माश्या हाकलून लावल्या.

मी हसून हसून लोळायची बाकी होते. सर मात्र हताश झाले होते. झालं होतं असं, की हात हलवला की रेकॉर्डिंग सुरू व्हायचं आणि फोनचा पडदा उजळायचा. मुलगा व्हिडिओ कॉल करतो तेव्हाही पडदा उजळतोच. म्हणजे मास्तर आत जागे झाले, असं भामाबाईंनी धरलं. रोज सकाळी कामं आटपली की त्या बांबूपाशी येऊन बसायच्या. कोंबडीनं अंडी कुठं घातली, सुनेचा निरोप काय आला, गुडघा कसा ठणकतो, सगळं साग्रसंगीत. जुन्या फोनची मेमरी ती केवढीशी! दुपारपर्यंत ती भामाबाईंनीच भरून जायची, आणि ज्या माशीसाठी हा खटाटोप, ती आली तेव्हा फोन तुडुंब.

"हे थांबवता येत नाही का?" मी विचारलं.

"येतं की. इथं बसून एक आकडा टाकायचा. नखापेक्षा मोठं काही हललं तर जागं व्हायचं नाही, एवढं सांगितलं की संपलं."

"मग टाका ना!"

"उद्या टाकतो."

दुसऱ्या दिवशीही "उद्या टाकतो." तिसऱ्या दिवशी मी विचारायला वर गेले, तर दाराबाहेरच थबकले. आत सर कुणाशी तरी बोलत होते. सरांकडे पाहुणा! मी कान दिला, आता शेजारधर्म म्हणा किंवा काहीही म्हणा.

"जेवलो की. आज पिठलं केलं होतं. मीठ जरा जास्तच पडलं... हां, गुडघ्याला तेल लावा गरम करून."

मध्ये मध्ये भामाबाईंचा आवाज येत होता. सर क्लिप थांबवत होते, उत्तर देत होते, पुन्हा चालू करत होते. सकाळी शेतात बोललेल्या बाईला हा माणूस संध्याकाळी उस्मानपुऱ्यातून उत्तरं देत होता, आणि ती तिच्यापर्यंत पोचणार नव्हती. सरांची आई गेल्यापासून "जेवलास का" असं त्यांना विचारणारं कुणी नव्हतं. आम्ही सगळे विचारायचो ते कॉलेजचं वेळापत्रक. मी दार न वाजवता खाली आले.

फुलोरा उतरायला लागला तेव्हा मात्र सरांनी आकडा टाकला, आणि बॅटरी वाचावी म्हणून पडदा उजळणंही बंद केलं. मला येऊन सांगितलं, "टाकला." पुढचे दोन-तीन दिवस त्यांची चंगळ झाली. दुपारभर माश्याच माश्या. काळ्या, पट्ट्यांच्या, हिरव्या चकचकीत, सगळ्यांचे पाय परागानं माखलेले. सरांचं म्हणणं शंभर टक्के खरं निघालं होतं. मी पेढे मागायला वर गेले, तर ते लॅपटॉपसमोर नुसते बसून होते.

"ऐका," म्हणाले.

पडद्यावर पांढरा गोंडा, त्यावर एक गलेलठ्ठ माशी निवांत चरत होती. आणि मागून, कुणी दिसत नव्हतं, नुसता आवाज येत होता.

"मास्तर? ए मास्तर, उठ की. रागावला का माझ्यावर? का ताप आला तुला?" मग हळूच, "नगं बोलू. पर पडून ऱ्हा, पाणी पी."

माशी उडाली. क्लिप संपली.

सरांनी निकाल दिला नाही. विचारलं, "म्हाताऱ्या माणसाकडं जाताना काय न्यायचं असतं?" पन्नाशीच्या माणसाला हे ठाऊक नव्हतं, कारण कुणाकडे पाहुणा म्हणून जायची वेळच त्यानं स्वतःवर आणली नव्हती. मी म्हटलं, नानखटाई न्या, दात नसले तरी खाता येते.

रविवारी सकाळी नानखटाईचा पुडा आणि गुडघ्याच्या तेलाची बाटली पिशवीत घालून सर पिशोरच्या एसटीत बसले. आकडा त्यांनी काढला नाही. माशीचं माशीला ठेवलं, आणि नखापेक्षा मोठ्या जिवासाठी स्वतः गेले.

सोमवारी संध्याकाळी मला वर बोलावलं. फवारणी संध्याकाळी करायची, असं गावातल्या चार-पाच जणांनी कबूल केलं होतं. त्यांना जी क्लिप दाखवली तीच मलाही दाखवली. गोंड्यावर हिरवी माशी, इतकी स्पष्ट की तिनं पाय चोळलेले दिसावेत. आणि मागून दोन आवाज.

"हलू नका मावशी, माशी बसलीय."

"बसू दे की. ती काय पळून जात नाय. तू आधी भाकर खा."

मी डोळे पुसले आणि घाम पुसल्यासारखं केलं, पंखा बंदच होता. उगाच काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "सर, हा मागचा आवाज काढून टाकता येतो ना?"

"येतो," सर म्हणाले, आणि तीच क्लिप पुन्हा लावली.