भाईचो खेळ संपलो!

मालवण तालुक्यात पन्नाशी उलटल्यावरही डाव्या पायानं गोल मारू शकणारा एकच माणूस आहे. तो म्हणजे मी! हे मीच सांगतोय, कारण दुसरं कोणी सांगत नाही.

माझं नाव सत्यवान. बाजारात भांड्यांचं दुकान आहे. सगळा गाव मला भाई म्हणतो. दिवसभर मी लोकांना कुकर आणि कळश्या विकतो, पण डोक्यात चोवीस तास फुटबॉल! एखादी गोल बुडाची कढई जमिनीवर घरंगळली तरी माझा डावा पाय आपोआप पुढे येतो. गिऱ्हाईक घाबरतं.

हे वेड लावलं आमच्या काशी आत्येनं. गावात कोणाकडे चेंडू नव्हता, आणि मी घरामागच्या परड्यातले नारळ लाथाडून बोटं फोडून घेत होतो. आत्येनं जुन्या लुगड्याची पिशवी शिवली, आत गच्च काथ्या भरला आणि तोंड शिवून माझ्या पुढ्यात टाकली. "घे. आता हेका मार. नारळ माका आमटीक होये!" पहिल्याच लाथेला चेंडू विहिरीत! आत्येनं तो पोहऱ्यानं काढला, पिळला आणि पापडांशेजारी वाळत घातला. एका शब्दानं रागावली नाही. त्या ओल्या चेंडूचे उपकार मी जन्मात फेडू शकणार नाही.

तेव्हापासून मी खेळतोय. कणकवलीला कॉलेजात खेळलो. लग्नाच्या आदल्या दिवशी खेळलो आणि सप्तपदी लंगडत चाललो. व्हिडिओ कॅसेटमध्ये नवरा मी आहे की लाजणारी नवरी, हे चटकन कळत नाही.

तर यंदाच्या जानेवारीत पन्नाशीवरच्यांची मॅच ठरली. वरची वाडी विरुद्ध खालची वाडी. मैदान म्हणजे कापणी झालेला मळा. मी खेळायचे बूट बाहेर काढल्याबरोबर बायको दारात उभी!

"खंय चल्लात?" रश्मीनं विचारलं.

"खेळाक."

"गुडघे कुरकुरतत ते शेजाऱ्यांका आयकाक येतत, आणि खेळाक?"

"आज गोल मारून येतंय, बघ!"

"गोल नको. तुमी आख्खे घराक येवा म्हणजे झाला. आणि लवूक सांगा, मॅच संपली काय माका फोन करूक."

लवू म्हणजे आमचा कप्तान. माणूस सोन्यासारखा, पण बोलताना शब्द कुठे जाऊन पडतील याचा नेम नाही. त्याच्या पासचंही तसंच आहे.

सुरुवात झोकात झाली. सरपंचांनी आम्हा सगळ्यांना झेंडूचे हार घातले. शिट्टी वाजली. मी सुसाट! म्हणजे मला तसं वाटत होतं. एकदाचा चेंडू माझ्याकडे आला, समोर गोल मोकळा, मी डावा पाय उचलला आणि पोटरीत असा गोळा आला की जणू कोणी आतून पिळाच घातला! चेंडू तिथेच राहिला. मी मात्र बांधावरून गडगडत पाटाच्या चिखलात.

सगळे धावले. आमचा गोलकीपर धोंडू पूर्वी दवाखान्यात कंपाउंडर होता. त्यानं पोटरी दाबली, मी बोंबललो. "पाय दुमडू नको," तो म्हणाला. "सरळ उताणो पडान रव. घराक जावन शेक घेवक होयो."

आता मला न्यायचं कसं? मळ्यात रिक्षा येत नाही, आणि माझं वजन हा वाडीत सार्वजनिक चर्चेचा विषय आहे. नारळ काढायची बांबूची शिडी बांधावर पडलेली होती. धोंडूनं मला तिच्यावर निजवलं. पाय हलू नये म्हणून सुंभानं बांधला. तोंडावर ऊन येत होतं म्हणून लवूनं आपला पांढरा पंचा माझ्या तोंडावर टाकला.

"माझो हार!" मी पंच्याखालून ओरडलो. मानाचा हार चिखलात टाकून कसा जाऊ? कोणीतरी तो आणून माझ्या छातीवर ठेवला.

लवू आणि धोंडू पुढे लागले. खालच्या वाडीचे दोघे दिलदारपणे मागे लागले. निघण्यापूर्वी लवूला मी सांगितलेला रश्मीचा निरोप आठवला. त्यानं फोन लावला आणि मला ऐकू येईल इतक्या मोठ्यानं म्हणाला, "वयनी, भाईचो खेळ संपलो! घाबरू नकात. आमी चौघा मिळान उचलून घराक हाडतंव. बाकीची येवस्था धोंडू बघता."

मला यात काहीच वावगं वाटलं नाही. उलट, किती नीट कळवलं, असं वाटलं! मग शिडी झुलायला लागली, वारा सुटला, पोटरीतली कळ थोडी कमी झाली, आणि मला छान झोप लागली.

पुढचं मला नंतर कळलं. रश्मी मसाला वाटत होती. फोन ऐकला आणि हातातला फोन मसाल्यात पडला! शेजारच्या बायका धावत आल्या. तिनं फक्त "भाई... चौघा..." एवढंच म्हटलं. झालं! बाजारात दुकानांची शटरं खाली आली. जेटीवरच्या बायका मासळीच्या टोपल्या तशाच टाकून निघाल्या. आमच्या शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर माझा फोटो पडला. त्यात मी कुकर हातात धरून हसतोय! खाली जोडलेल्या हातांची रांग. एकानं तर घाईत वाढदिवसाचा केकसुद्धा टाकला.

आणि सगळ्यांत आधी अंगणात कोण आला असेल? गंगाराम! हा आमचा शेजारी. तरुणपणी माझ्या चेंडूनं त्याची कौलं फुटली, तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही. आता त्याच्या घरावर स्लॅब आहे, तरी बोलत नाही! तोच गंगाराम स्वतःच्या बेटातले दोन चांगले बांबू तोडून खांद्यावर घेऊन आला, काहीही न विचारता कंबर कसून कामाला लागला, आणि म्हणे डोळे पुसत होता.

तर अशी आमची शिडी अंगणात शिरली. तोंडावर पांढरं कापड, छातीवर झेंडू, पाय बांधलेला, शिडी चौघांच्या खांद्यावर. बघणाऱ्याला आणखी काय हवं? एकदम हंबरडा उठला!

त्या आवाजानं मी जागा झालो. आपल्या वाडीत कोणाचं तरी बरंवाईट झालंय! आणि आपण इथे फुटबॉल खेळत बसलो! मी पंच्याखालूनच कळवळून विचारलं, "कोण गेला रे?"



मग एकच पळापळ! मासळीवाल्या कुंपणावरून उड्या मारून पलीकडे. खालच्या वाडीच्या दोघांनी घाबरून शिडी सोडली, सुंभ तुटलं, पंचा उडाला आणि मी पायाच्या बाजूनं घसरत थेट गंगारामच्या पुढ्यात उभा. दोन्ही हातांत बांबू धरून तो माझ्याकडे बघत होता.

"कोण गेला?" मी पुन्हा विचारलं.

"तू!" गंगाराम म्हणाला.

इतक्या वर्षांत त्यानं माझ्याशी बोललेला तो पहिला शब्द!

रश्मी ओसरीवरून धावत आली. तिच्या हाताला मसाला तसाच होता. तिनं माझं चिखलानं भरलेलं तोंड दोन्ही हातांत धरलं. "जिते आसात मां? खरा सांगा, जिते आसात मां?"

माझ्या दोन्ही डोळ्यांत मिरची गेली. मी घळाघळा रडायला लागलो. लोकांना वाटलं, मला गहिवरून आलंय. आणि खरं सांगू? मिरची निमित्त होती. तीस वर्षं ती माझ्या गुडघ्यांना नावं ठेवतेय, आणि तीस वर्षं त्याच गुडघ्यांना तेल चोळतेय. हे मला त्या क्षणी एकदम दिसलं. तसं दिसत काहीच नव्हतं, डोळे मिटलेले होते!

"माका माफ करा वयनी," लवू काकुळतीला आला. "मिया फक्त मॅचीचा सांगी होतंय."

"तू यापुढे माका फोन करू नको. पत्रसुद्धा धाडू नको!" रश्मी कडाडली. मग मात्र पदर तोंडाला लावून ती अशी हसायला लागली की खाली बसली.

तेवढ्यात माणसं बाजूला झाली. काशी आत्ये काठी टेकत, वाकून, पण तरातरा आली. नव्वदीच्या घरात पोचलेली बाई! माझ्यापाशी येऊन तिनं मला आपादमस्तक न्याहाळलं आणि पहिला प्रश्न केला, "गोल घातलंस काय?"

"नाय गो आत्ये. थोडक्यात चुकलो."

"मगे मेलंस कित्याक इतक्यात?"

सगळं अंगण हसलं. रश्मीनं भला मोठा टोप चढवला, चहा झाला. रडायला आलेले लोक ओसरीवर, पायरीवर, विहिरीच्या कठड्यावर बसून चहा पीत होते. मी पाय शेकत सगळ्यांकडे बघत होतो. एवढी माणसं! मासळी टाकून, दुकानं बंद करून, माझ्यासाठी! माणसाला हे एरवी बघायला मिळत नाही हो. ज्या दिवशी जमतात, त्या दिवशी आपण उठून चहा विचारू शकत नाही. मला विचारता आला. प्रत्येकाला मी विचारला.

गंगारामला मी स्वतः कप नेऊन दिला. लंगडत. तो म्हणाला, "माझे बांबू फुकट गेले." मी म्हटलं, "नेवन मळ्यात पुरूया. गोलाक खांब होये आसत." त्यानं चहाचा एक घोट घेतला. मग म्हणाला, "आडवो बांबूय देतंय. पण माझ्या घरापासून लांब पुरायचे!"

एवढ्यात लवूचा फोन वाजला. मळ्यातून होता. आमच्या नादात कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं की तिकडे मॅच चालूच होती! लवूनं ऐकलं, आणि त्याचा चेहरा कसनुसा झाला.

"काय झाला?" मी विचारलं.

"जिंकलंव रे," लवू खालच्या आवाजात म्हणाला. "तीन गोलान. कप्तान नाय, गोलकीपर नाय, तू नाय..."

"कप्तान नाय म्हणान जिंकलंव असात," मी म्हटलं.

"पण ते म्हणतत, तू पडल्यार सगळ्यांका पळूक जागा झाली."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, संघ माझाच ना! पुढच्या जानेवारीतही मी खेळणार आहे. रश्मीनं परवानगी दिलीय, आत्येनं आशीर्वाद दिलाय, आणि लवूनं संघात माझं नाव पक्कं केलंय. त्याची एकच अट आहे, यंदाच्यापेक्षा थोडं लवकर पडायचं.