अण्णांचा उपाशी डबा

सकाळी ऑफिसात आल्या आल्या अण्णा माणसांशी बोलत नाहीत. चपला दाराशी काढून ते थेट कोपऱ्यातल्या काळ्या डब्यापाशी जातात, कमरेत वाकतात आणि तेलुगूत विचारतात, "येमय्या, तिन्नावा?" म्हणजे, काय रे बाबा, जेवलास का?

डबा म्हणजे नेटवर्कवरची साठवणुकीची पेटी. आमच्या सोलापुरातल्या टॉवेलच्या कारखान्यातल्या सगळ्या कॉम्प्युटरवरची डिझाइनं आणि बिलं रोज आपोआप त्यात उतरतात. हाच आमचा बॅकअप. रिपोर्ट हिरवा आला की डबा जेवला. लाल ओळ दिसली की "उपाशी हाय रे," असं म्हणून अण्णा स्वतःही चहा घेत नाहीत.

कॉम्प्युटर विभागात आम्ही दोघंच, अण्णा प्रमुख आणि मी बाकीचा सगळा विभाग. मी जवळच्या मंद्रूप गावचा, घरातला पहिला पदवीधर. पहिल्या दिवशी मी त्यांना 'सर' म्हणालो, तर म्हणाले, "सर कॉलेजात ऱ्हायले. अण्णा म्हण की." काम बिघडलं तर शोधायचं कसं, हेही त्यांनीच शिकवलं. "पयलं मशीनला हाक मारायची. ओ दिली तर जित्ता हाय. मग पासवर्ड बघ, मग जागा बघ. लगेच डॉक्टर बोलवायचा न्हाय."

दिवाळीनंतर मात्र डबा रोजच उपाशी राहू लागला. मालक वैतागले. "सोमवारी सगळा रिपोर्ट हिरवा पाहिजे, अण्णा. नाहीतर हे काम मी पुण्याच्या कंपनीला देतो. ते सगळं नव्यानं बसवतील."

आम्ही वायर बदलली, पासवर्ड तपासले, जुन्या फायली काढून जागा केली. शेवटी मी डब्याला हात लावला, तर चटका बसला. कारखान्यात कापूस उडतो, तो आत जाऊ नये म्हणून अण्णांनी दिवाळीच्या साफसफाईत डब्याला दुहेरी टॉवेल गुंडाळला होता. मागची हवा जायची जाळीसुद्धा झाकलेली. डबा तापून मध्येच बंद पडत होता.

"अण्णा, गुदमरतंय ते."

"आपलाच माल हाय, एक्स्पोर्टचा. त्यात कोण गुदमरतंय?" अण्णांना माझ्या बोलण्यापेक्षा टॉवेलचा अपमान जास्त लागला. पण काढला त्यांनीच, घडी घालून.

शनिवारी सगळ्या ओळी हिरव्या आल्या. एक सोडून. त्या लाल ओळीवर मशीनचं नाव होतं, श्रावणी. एरवी रिपोर्ट अण्णाच उघडायचे, म्हणून ते नाव मी पहिल्यांदाच वाचलं.

"हे कुठलं मशीन, अण्णा? नेटवर्कवर सापडतच नाही."

"सापडंल की."

"यादीतून काढून टाकू? एका क्लिकचं काम आहे."

"हात लावू नको." इतक्या कडक आवाजात ते माझ्याशी कधी बोलले नव्हते.

दुपारी ते खिडकीशी उभे राहून फोनवर बोलत होते. फोन घरचा वाटत होता, तेव्हा तेलुगूत बोलतील असं मला वाटलं, पण तक्रार असली की अण्णा मराठीत शिरतात.

"श्रावणी, तुझा बॅकअप झाला न्हाय बघ... लई दिवस झाले... क्लाउडवर ठेवलंय? त्याचा काय भरवसा, बाई? हितं सोलापुरात किती ढग येतेत आन् तसेच जातेत... न्हाय, तिकडनं पाठवून न्हाय जमत. लॅपटॉप घिऊनच यावं लागतंय. आठवडाभर तरी ठेवावा लागंल."

एका लॅपटॉपचा बॅकअप तासाभरात होतो. हेही मला अण्णांनीच शिकवलं होतं.

डिझाइन विभागातल्या जुन्या बाईंनी मग मला सांगितलं. श्रावणी अण्णांची एकुलती मुलगी. मी यायच्या आधी वर्षभर इथंच डिझाइनं काढायची, आपल्या लॅपटॉपवर. मग नोएडाला नोकरी लागली. अण्णांना ते पसंत नव्हतं. ती निघाली त्या दिवशी अण्णा स्टेशनवर गेले नाहीत, ऑफिसात प्रिंटर उघडून बसले. प्रिंटर चांगला चालत होता. तेव्हापासून डबा रोज तिच्या लॅपटॉपला हाक मारतो आणि ओ येत नाही. ती एक ओळ अण्णा उपाशीत धरत नाहीत.

सोमवारी मालक आले. माझा हात माऊसवर होता, यादी समोर उघडी होती. अण्णा माझ्याकडं बघत नव्हते. मी यादी तशीच बंद केली आणि मालकांपुढं रिपोर्ट उघडला.

"ही लाल ओळ कसली रे?"

"एक लॅपटॉप बाहेरगावी आहे, साहेब. आला की होईल."

"कधी येणार?"

मालकांनी पुढं वाकून ओळीवरचं नाव वाचलं आणि अण्णांकडं पाहिलं. अण्णा शर्टाच्या टोकानं चष्मा पुसत होते.

"तिकडं आता थंडी लई पडती म्हणं," ते म्हणाले. "चादर पण नेली न्हाय तिनं हितनं."