बदक, सपाता आणि माझी पोटदुखी

सिनेमा निवडावा तर मी! नुसतं पोस्टर बघून आतला माल ओळखणारा माणूस आमच्या अख्ख्या छापखान्यात माझ्याशिवाय दुसरा नाही. मी तिथे प्रुफं तपासतो. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या म्हटल्यावर आपल्या हातूनही एखादी होऊ शकते, हा विचार मनाला शिवत नाही.

म्हणून बायको म्हणाली, "बाबांना एकदा घराबाहेर काढायला हवं," तेव्हा मी ताडकन म्हणालो, "सिनेमाला नेऊ! माझ्यावर सोड!"

बाबा म्हणजे माझे सासरे. जन्मभर त्यांनी मोजणी खात्यात नकाशे काढले. सासूबाई जाऊन आठ महिने झाले होते आणि तेव्हापासून ते आमच्याकडे राहत होते. राहत होते म्हणजे खिडकीजवळच्या खुर्चीत बसत होते. बोलणं तीन शब्दांवर आलं होतं: "हो", "नको" आणि "बघू". आम्ही दोघंही घरात चवड्यांवर चालायचो. दार वाजू नये म्हणून मी बिजागऱ्यांना तेल घातलं होतं. बायको तर त्यांच्याशी इतकं हळू बोलायची की मला वाटायचं, माझेच कान गेले!

मी निवडलेल्या सिनेमाच्या पोस्टरवर एक टकला माणूस छत्री घेऊन पळत होता. पायात बायकी, फुलाफुलांच्या सपाता. मागे चोच वासून धावणारं बदक. आता यात दुःख कुठून येणार? तरी खात्री करावी म्हणून मी आमच्या बाइंडरला विचारलं. तो लिफ्टमध्ये उभा होता, मी बाहेर.

"हसून हसून पोट दुखतं हो!" तो म्हणाला. "पण नंतर..."

लिफ्टचं दार बंद झालं. नंतरचं ऐकायची मला गरजही वाटली नाही.

"त्यात कोणी मरत नाही ना?" बायकोने तीनदा विचारलं.

"अगं, बदक आहे त्यात! बदक!"

शनिवारी दुपारच्या खेळाला आम्ही तिघं गेलो. बाबा मध्ये, त्यांच्या डावीकडे बायको, उजवीकडे मी. माझ्या पलीकडे हातात पॉपकॉर्नचा डोंगर घेतलेल्या एक बाई होत्या. दिवे मालवले. पडद्यावर एक हसरी म्हातारी बदकाला पाव भरवत होती. हॉल हसला. मी बाबांकडे विजयी मुद्रेने पाहिलं. आणि पाव भरवता भरवता त्या म्हातारीने खुर्चीत मान टाकली!

गेली! सिनेमाचं नावसुद्धा अजून आलं नव्हतं!

मागे राहिला तिचा नवरा, म्हणजे पोस्टरवरचा तो टकला, धंद्याने शिंपी. आणि ते बदक. बाबांच्या पाठीमागून एक हात आला आणि माझ्या दंडाला असा चिमटा बसला की मी खुर्चीत वीतभर उंच झालो.

"बाहेर काढ त्यांना," बायको दातांवर दात ठेवून म्हणाली. "आत्ताच्या आत्ता!"

मी बाबांकडे झुकलो. "बाबा, जरा पॉपकॉर्न आणू या का?"

"नको."

"पाय मोकळे करू?"

"बघू," ते म्हणाले आणि पडद्याकडे बघत राहिले.

पडद्यावर बदकाने शिंप्याला चावा घेतला. त्याने दिलेला पाव ते खाईना. सगळा हॉल खदखदून हसला, बाबा मात्र दगडासारखे बसलेले. माझ्या पोटात खरंच गोळा आला, आणि त्यावरूनच मला ती कल्पना सुचली. मी पोट धरलं आणि कण्हलो. "बाबा, मला काहीतरी होतंय. घरी जाऊ या."

माझा हिशेब साधा होता. जावई आजारी, म्हणजे सासरे उठणार. पण उठल्या त्या माझ्या पलीकडच्या बाई!

"सरका! मी नर्स आहे!"

पॉपकॉर्न माझ्या मांडीवर, त्यांची दोन बोटं माझ्या मनगटावर. "कुठे दुखतंय? इथे? की इथे?" म्हणत त्यांनी पोटात असं बोट खुपसलं की मी खराखुरा ओरडलो.

"अपेंडिक्स!" मागून कोणीतरी म्हणालं.

"हार्ट असेल. हल्ली पोटातच दुखतं आधी," दुसऱ्याने भर घातली.

"शुऽऽक!" पुढच्या रांगेतला एक लठ्ठ गृहस्थ वळून म्हणाला. "मरायचं तर शांतपणे मरा!"

टॉर्च घेऊन दारवान आला. त्याने माझ्या काखेत हात घातले, नर्सबाईंनी पाय धरले आणि वरात निघाली. बायको घाबरून मागे धावली. तिला खरं सांगावं तर माझ्या तोंडासमोर नर्सबाईंची पाठ!

बाबा? बाबांनी आम्हाला जाता यावं म्हणून गुडघे जरा आत घेतले आणि मान तिरकी करून पुढचा सिनेमा बघू लागले.

बाहेर मला बाकावर आडवं केलं. गळ्याचं बटण उघडलं, बूट काढले, मॅनेजरच्या खोलीतून रक्तदाब मोजायचं यंत्र आलं. आतून हशा ऐकू येई, मग शांतता, मग पुन्हा हशा.

"रक्तदाब उत्तम आहे," नर्सबाई कपाळाला आठ्या घालून म्हणाल्या. "नाडी उत्तम आहे. मी अँब्युलन्स बोलावते."

"नको!" मी उठून बसलो. "मला काही झालेलं नाही. माझे सासरे... त्यांची बायको नुकतीच... मला वाटलं विनोदी आहे..."

मी सगळं सांगितलं. बायकोने कपाळावर हात मारून घेतला. नर्सबाई माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या वॉर्डातले रोगी का बरे होत असतील, ते मला त्या नजरेवरून कळलं.

"सात आठवड्यांनी," त्या एकेक शब्द तोडत म्हणाल्या, "सात आठवड्यांनी मला एक शनिवार सुट्टी मिळाली होती!"

तेवढ्यात बायकोने माझा हात पकडला. "बाबा आत एकटे आहेत!"

मी बूट हातात घेऊनच धावलो. आम्ही अंधारात शिरलो तेव्हा पडद्यावर तो शिंपी बायकोच्या सपाता घालून स्वयंपाकघरात फटक फटक चालत होता आणि बदक त्याच्या मागे मागे चालत होतं. तो बदकाला बोलत होता, "पाय पुसून ये! किती वेळा सांगायचं? माझ्या मेलीचं ऐकतंय कोण!" बायकोचेच शब्द, बायकोच्याच ठसक्यात.

हॉलमध्ये टाचणी पडली तर ऐकू आली असती. आणि त्या शांततेत एकच माणूस हसत होता. मोठ्याने, खुर्ची हलवत. आमचे बाबा!

"काका, अहो, रडायचं आहे इथे," मागची मुलगी हुंदका देत म्हणाली.

"रडतोच आहे की," बाबा म्हणाले. खरंच, त्यांचे गाल भिजले होते. हसू थांबत नव्हतं आणि पाणीही थांबत नव्हतं. पुढच्या रांगेतला तो लठ्ठ गृहस्थ वळला. आता हा काय बोलणार, म्हणून मी श्वास रोखला. त्याचा चेहरा भिजलेल्या कणकेसारखा झाला होता.

"रुमाल आहे का?" त्याने विचारलं.

बाबांनी आपला रुमाल दिला.

दिवे लागले तरी बाबा उठेनात. बायको त्यांच्याजवळ बसली आणि तिच्या त्या रेडिओ बंद पडल्यासारख्या आवाजात म्हणाली, "बाबा, चुकलं आमचं. आम्हाला माहीत नव्हतं. खूप त्रास झाला का?"

"हे बघ, हे!" बाबा म्हणाले. "आठ महिने तुम्ही माझ्याशी असं बोलताय. मी म्हणजे काय तडा गेलेली बशी आहे? त्या बदकाने निदान त्याला चावा तरी घेतला! तुझी आई दिवसातून दहा वेळा ओरडायची माझ्यावर. घरात कोणी ओरडत नाही गं आता. मी मुद्दाम ओला टॉवेल गादीवर टाकतो, तरी तू गुपचूप उचलून वाळत घालतेस."

 बायकोचा खालचा ओठ थरथरला. आता ही रडणार, असं मला वाटलं.

"मुद्दाम?" ती ओरडली. "मुद्दाम टाकता? रोज गादी उन्हात घालते मी! कंबर मोडली माझी! उद्यापासून टॉवेल दोरीवर गेला नाही, तर बघा!"

निम्मा हॉल वळून बघायला लागला. बाबांच्या तोंडावर असं समाधान पसरलं, की जणू कोणी थंडीत त्यांच्या अंगावर शाल घातली. "अगदी आईवर गेली आहे," ते दारवानाला कौतुकाने म्हणाले.

बाहेर आलो तर नर्सबाई तिकीटखिडकीपाशी उभ्या. मधला सिनेमा बुडाला होता, त्यामुळे त्या उद्याचं तिकीट काढत होत्या. बाबा त्यांच्याजवळ गेले. त्यांनी मला उचलून नेल्याबद्दल आभार मानले आणि म्हणाले, "मलाही पुन्हा बघायचा आहे. मुलीचाही मधला भाग बुडाला. तुमच्याबरोबर आलो तर चालेल?"

"या की!" नर्सबाई पहिल्यांदाच हसल्या.

मी लगेच पुढे झालो. चूक सुधारायची संधी कोण सोडतो? खिडकीत हात घालून म्हणालो, "चार द्या!"

बाबांनी माझा हात हळूच बाजूला केला.

"तीन," ते आतल्या माणसाला म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "तुम्ही घरी पडून राहा, जावईबापू. पोटाचं दुखणं अंगावर काढू नये!"

तेव्हा रविवारची दुपार मी घरी लोळून काढली. शिंप्याच्या पायात त्या सपाता कशा आल्या, ते मला आजतागायत माहीत नाही. घरात विचारलं की दोघंही नुसती हसतात. तुमच्यापैकी कोणी तो सिनेमा पाहिला असेल, तर तेवढं मला हळूच सांगा!